दिवा न लावणारा माणूस

माझ्या दादाला लोक मुका समजायचे. मुका नव्हता तो. कडाव गावाहून दुधाचा रतीब घालायला येणाऱ्या म्हाताऱ्याशी म्हशींच्या दुखण्याखुपण्याबद्दल चांगला मन लावून बोलताना मी त्याला स्वतः ऐकलंय. पण चार माणसं जमली की त्याची वाचा बसायची. तो भिंतीला टेकून, पायाचा अंगठा चोळत बसून राहायचा आणि पहिली संधी मिळताच मागीलदारी सटकायचा. घरात बोलण्याचा मक्ता माझ्याकडे होता. आई म्हणायची, देवानं दोघांसाठी मिळून दिलेली बडबड हिनं एकटीनंच उचलली, त्याच्या वाट्याला काही ठेवलं नाही. यावरही मी आईशी तासभर वाद घालू शकत असे.

वडील गेल्यावर दादा रेल्वेत लागला आणि नोकरी मिळाली ती नेमकी ठाकुरवाडीच्या केबिनमध्ये. कर्जतहून लोणावळ्याकडे घाट चढू लागलं की मध्येच डोंगराच्या कुशीत ती जागा आहे. घाट उतरणारी प्रत्येक गाडी तिथं थांबलीच पाहिजे असा नियम. खाली येणाऱ्या गाडीसाठी रूळ आधी एका चढावरच्या बंद मार्गाकडे वळवून ठेवलेले असतात. ब्रेक निकामी होऊन गाडी बेताल सुटली, तर त्या चढावर चढून थांबावी म्हणून. गाडी नीट थांबली, ताब्यात आहे अशी खात्री पटली, की मग केबिनमधल्या माणसानं दांडा ओढायचा आणि तिला खालचा रस्ता मोकळा करून द्यायचा. तो माणूस म्हणजे आमचा दादा.

म्हणजे बघा, पुण्यापासून मद्रासपर्यंत कुठून कुठून आलेली माणसं रोज त्याच्या समोर येऊन उभी राहायची. खिडकीतून बघायची, जांभई द्यायची, पोराला माकडं दाखवायची. मग शिट्टी व्हायची आणि सगळी निघून जायची. मी एकदा डबा घेऊन तिथं गेले होते तेव्हा हे पाहिलं. एक लहान मुलगी गाडीतून त्याला हात करत होती. त्याच्या एका हातात दांडा, दुसऱ्या हातात झेंडी. तिला हात करायला त्याला हातच उरला नव्हता. रुळांवर काम करणारा एक गँगमन मला म्हणाला, "तुमचा भाऊ लय गुनाचा हाय ताई. पन आमी आठ दिस बरुबर असलो तरी आठ शब्द बोलायचा नाय."

सुटीच्या दिवशी तो कर्जतला घरी यायचा. आधी न चुकता यायचा, मग एखादी सुटी चुकू लागली. आला की जेवायचा, झोपायचा आणि पहाटेच्या गाडीनं परत जायचा. मला त्याची काळजी वाटू लागली होती. हा माणूस एक दिवस तिथंच राहून जाईल, यायचंच बंद करेल, आणि आपल्याला ते फार उशिरा कळेल, असं मला वाटायचं. आईलाही तेच वाटत असणार. म्हणून तिनं त्याच्या लग्नाचा ध्यास घेतला.

मुली बघायला आम्ही गेलो, तेव्हाच्या रीतीप्रमाणे. आधी मुलीला नाव-गाव विचारायचं, सुईत दोरा ओवायला लावायचा, चार पावलं चालवून बघायचं. मग मुलीचे वडील म्हणायचे, "मुलाला काही विचारायचं असेल तर विचारा." हा मान मुलाचा. तो काहीतरी विचारतो, मुलगी खाली मान घालून उत्तर देते आणि सगळे खूश होतात. आमचा दादा काही विचारायचाच नाही. मान खाली घालून बसायचा तो मुलीच्या बरोबरीनं. न विचारणं म्हणजे नापसंती, असा अर्थ लोक लावत. एका ठिकाणी तर मुलीच्या आजोबांना वेगळीच शंका आली. त्यांनी दादाच्या हातात वर्तमानपत्र दिलं आणि म्हणाले, जरा मोठ्यानं वाचून दाखवा पाहू. बाजारभाव वाचून दाखवला त्यानं. परत येताना मी हसून हसून बेजार झाले आणि तो खिडकीबाहेर बघत राहिला. तीन ठिकाणं अशी गेली. आई म्हणाली, आता आणखी एकदा, मग मी हात टेकते.

लढाईचे दिवस होते ते. रॉकेलला रांगा, साखरेला कार्ड. तरी भातं निघून खाचरं मोकळी झाली की कर्जतला फिरत्या सिनेमाचा तंबू यायचा तो यायचाच. गावाबाहेर, नदीच्या अंगाला. आत बायकांची बाजू वेगळी, मध्ये कनात. बसायला जमीन, घरून आणलेलं तरटाचं बस्कर. मशीन एकच, त्यामुळे एक रीळ संपलं की दिवे लागत आणि दुसरं चढेपर्यंत सगळा तंबू एकमेकांना गोष्ट समजावून सांगत बसे. खरं सांगायचं तर मला सिनेमापेक्षा हीच वेळ आवडायची.

त्या वर्षी एक सिनेमा आला होता. नायक कंदील लावणारा होता. एका लहानशा गावात नगरपालिकेचे रॉकेलचे कंदील असतात खांबांवर. हा रोज तिन्हीसांजेला खांद्यावर शिडी घेऊन निघतो. काच उघडतो, पुसतो, वात सारखी करतो, काडी ओढतो, पुढच्या खांबाकडे जातो. गावातल्या शेवटच्या वळणावर एक घर, घराला खिडकी, खिडकीत एक मुलगी. त्या खांबाची काच तो जरा जास्त वेळ पुसतो. बस्स. एवढंच त्याचं प्रेम. सबंध सिनेमात त्याला एकही गाणं नव्हतं. गाणी सगळी त्याच्या पानवाल्या दोस्ताला.

आमचं पब्लिक चिडलं होतं. कनातीपलीकडून पुरुष ओरडत होते, "अरं बोल की रं! मूग गिळलास काय?" आणि आमच्या बाजूनं एक बाई त्यांच्यावर ताण करत होती, "येड्या, जाईल ती दुसऱ्याच्या घरी, मंग बस पुसत!" मीही ओरडले. सगळ्यांनी ओरडायचं आणि मी गप्प बसायचं, हे माझ्याकडून व्हायचं नाही.

मग ती मुलगी आजारी पडते. विषमज्वर. खिडकीशीच तिची खाट. संध्याकाळी हा शिडी लावतो, वर चढतो, काच उघडतो, काडी ओढतो. ओढलेली काडी हातात धरून खिडकीकडे बघतो. बराच वेळ बघतो. काडी बोटापर्यंत जळत येते. मग ती फुंकून विझवतो, काच लावतो आणि दिवा न लावताच उतरून जातो. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी मुकादम येतो, अंधारा खांब बघतो आणि याला नोकरीवरून काढतो. हा एक शब्द बोलत नाही. शिडी भिंतीला टेकवून ठेवतो आणि निघून जातो.

त्या नटाला मी मनातून हात जोडते. पुढं आयुष्यात पुष्कळ सिनेमे पाहिले मी. एकटं माणूस दाखवायचं म्हटलं की त्याला दारूचा पेला द्यायचा, नाहीतर समुद्राकाठी उभं करून गाणं म्हणायला लावायचं, असे किती पाहिले. आपण एकटे आहोत हे सगळ्या जगाला ऐकू जाईल अशा आवाजात ते सांगत असतात. एकटेपणात एवढं ओरडायची सोय असती तर दुःख कसलं होतं? तो कंदीलवाला तसला नव्हता. त्यानं केलं काय, तर काडी विझवली. पण ती विझवताना मानेची एक शीर अशी काही ताणली गेली त्याची, की या माणसाला कुणीतरी हाक मारावी, आत बोलवावं, नुसतं पाणी हवं का म्हणून विचारावं, असं पोटातून वाटलं. मागायची लाज आणि मिळावं ही आस, दोन्ही त्याच्या एकाच चेहऱ्यावर होत्या. कुणी शिकवून येत नाही हे.

अर्थात हे शहाणपण मला नंतर आलं. त्या दिवशी रीळ संपून दिवे लागले तेव्हा मी तंबूतल्या सगळ्यांसारखीच म्हणत होते, "विसरला! बावळट कुठला, दिवा लावायचाच विसरला!"

माझ्या शेजारी आमच्या आळीतल्या काकू बसल्या होत्या. त्यांच्या पलीकडे, त्यांच्या आड जवळजवळ लपून, त्यांची भाची बसली होती. खालापूरची, चार दिवसांसाठी मावशीकडे आलेली. दोन दिवस मी तिला आळीत पाहत होते, पण तिचा आवाज काही ऐकला नव्हता. ती हळूच म्हणाली, "विसरला नाही तो. उजेड तिच्या डोळ्यांवर येत होता, तिला झोप लागावी म्हणून लावला नाही. तो बोललाच की तिच्याशी." आणि एवढं बोलून आपण फार बोललो असं वाटून तिनं पदर तोंडाशी धरला.

मी तिच्याकडे बघत राहिले. मला त्या क्षणी एवढंच सुचलं की आपण एवढ्या मोठ्यानं ओरडायला नको होतं.

दादा त्या दिवशी सुटीवर होता आणि पुरुषांच्या बाजूला बसला होता; सिनेमा संपल्यावर घरी जाताना तो नेहमीसारखा पुढं चालत होता. मी मागून कटकट करत होते, असला कसला शेवट, ती बरी होऊन खिडकीत येते आणि नवा माणूस दिवा लावून जातो, तिला काही कळतच नाही, पैसे फुकट गेले. दादा थांबला. म्हणाला, "त्यानं दिवा लावला नाही, ते बोलणंच होतं त्याचं."

मी म्हटलं, "अरे, ती काकूंची भाचीही अगदी हेच म्हणाली!"

आणि माझ्या दादानं, ज्यानं आयुष्यात मला कधी काही विचारलं नव्हतं, विचारलं, "कोण?"

तेवढंच. मी सांगितलं ते त्यानं ऐकून घेतलं आणि पुन्हा चालू लागला. पण पुढच्या सुटीला तो आला. येताना त्याच सिनेमाची तिकिटं काढूनच आला, आईचं आणि माझंही. ती तोवर खालापूरला परत गेली होती. हे मी त्याला सांगितलं नाही, कारण त्यानं विचारलं नाही. फक्त तंबूतून बाहेर पडताना तो बायकांच्या दाराशी उगाच चप्पल नीट करत बसला होता, ते माझ्या नजरेतून सुटलं नाही.

मग मी आईच्या मागं लागले. आई काकूंच्या मागं लागली. काकूंना आनंदच झाला. म्हणाल्या, मुलगी गुणाची आहे, पण घुमी आहे हो फार. बघायला येतात, विचारतात त्याला हो-नाही करते आणि बसते. सहा स्थळं आली, सहाही परतली. वडील कडक आहेत, मामलेदार कचेरीत आहेत. आई म्हणाली, आमच्याकडे तरी काय मोठा कीर्तनकार बसलाय.

आम्ही खोपोलीच्या गाडीनं गेलो आणि पुढं टांग्यानं खालापूरला. वाटेत मी दादाला शिकवणी दिली. काहीतरी विचार रे बाबा. आवडीची भाजी विचार, व्रतं विचार, किती शिकलीस ते विचार, काहीही विचार. आता गप्प बसलास तर आई परत कुठं जायची नाही. तो हो म्हणाला.

बैठकीत तिचे वडील, दोन काका आणि शेजारचे एक वकील. काकू कर्जतहून आमच्याबरोबरच आलेल्या. मुलीची आई रीतीप्रमाणे आत, दारामागं. बांगड्यांवरून कळत होतं की ती तिथं उभी आहे. मुलगी आली, पाटावर बसली. नाव विचारलं, सांगितलं. किती शिकलीस, सांगितलं. वकिलांनी सुईदोरा मागवला. ओवला तिनं. मग वडील दादाकडे वळून म्हणाले, "आता मुलाला काही विचारायचं असेल तर विचारा."

दादा अंगठा चोळू लागला. मी मनात भाज्यांची नावं घेऊ लागले, जणू ती त्याला ऐकू जाणार होती. आई खोकली. एक काका घड्याळाकडे बघू लागले. वडिलांनी पानाचं तबक पुढं ओढलं, म्हणजे कार्यक्रम आवरायला घेतला. आणि दादानं मान वर केली.

"त्यानं दिवा का लावला नाही," तो म्हणाला, "ते तंबूत तुम्ही सांगितलंत ना?"

काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. काही क्षण मला उलगडाच होईना. मग वडील म्हणाले, "कुठला तंबू?" आणि काकूंकडे बघितलं, तेव्हा सगळं माझ्या ध्यानात आलं. या घरात सिनेमा म्हणजे तमाशाच्याही खालचा. तंबूत जमिनीवर, शिट्ट्या मारणाऱ्या लोकांत, आपली लग्नाची मुलगी बसली होती, हे वडिलांना ठाऊकच नव्हतं. काकूंनी ते त्यांच्यापासून लपवलं होतं, आणि लपवलंय हे आम्हालाही सांगितलं नव्हतं. जन्मात एकदा माझा भाऊ चारचौघांत बोलला आणि बोलला तो हे.

"तुमची काहीतरी गफलत होतेय," वडील दादाला म्हणाले. आवाज अगदी थंड. "आमच्या घरातल्या मुली तंबूत जात नाहीत."

वाट सोपी होती. तिनं गप्प बसायचं, बस. ते तिला येत होतंच. वडिलांचा शब्द राहिला असता, काकू वाचल्या असत्या, आम्ही चहा घेऊन उठलो असतो आणि सातवं स्थळ परतलं असतं.

"मी गेले होते," ती म्हणाली.

दादा उभाच राहिला. त्याला आपण काय केलं ते कळलं होतं. चेहरा पांढराफटक. म्हणाला, "माझं चुकलं. मी हे विचारायला नको होतं."

"नाही," ती म्हणाली. मान खालीच होती, पण शब्द स्वच्छ होते. "सहा ठिकाणची माणसं आली इथं. मला काय येतं ते सगळ्यांनी विचारलं. मला काय वाटलं ते कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही विचारलंत."

वडिलांचा हात तबकावर तसाच. मग दारामागच्या बांगड्या वाजल्या आणि तिची आई बाहेर आली. परक्या पुरुषांसमोर, बैठकीत. आली आणि मुलीच्या शेजारी जमिनीवर बसली. वडिलांनी तिच्याकडे बघितलं, मुलीकडे बघितलं. कडक माणूस खरा, पण वाईट नव्हता, हे मला त्या घडीला कळलं. ते दादाला म्हणाले, "बसा. अजून काही विचारायचं असेल तर विचारा."

"माझं झालं," दादा म्हणाला आणि बसला.

"मला विचारायचंय," ती म्हणाली.

मुलीनं विचारायची रीत नव्हती. वकिलांनी भुवया वर केल्या, पण वडील काही बोलले नाहीत, म्हणून तेही गप्प बसले. तिनं मान वर करून प्रथमच दादाकडे बघितलं.

"मावशीनं सांगितलं, तुमच्यासमोर सगळ्या गाड्या थांबतात. त्या निघून गेल्या की कसं वाटतं?"

मी आईकडे बघितलं, आईनं माझ्याकडे. दिवसभर बोलत राहणाऱ्या आम्ही दोघी, पण हा प्रश्न आमच्या घरात कधी उच्चारलाच गेला नव्हता. दादा विचार करत होता. त्याला घाई करावी, उत्तर सुचवावं असं मला वाटलं, पण ती ज्या रीतीनं थांबून राहिली होती, ते बघून माझीही छाती झाली नाही. ती त्याला वेळ देत होती, त्याला लागेल तेवढा.

"सकाळच्या गेल्या की बरं वाटतं," दादा म्हणाला. "शांत होतं सगळं. संध्याकाळची गेली की मात्र..." तो थांबला. ती थांबून राहिली.

"मात्र वाटतं, कुणीतरी उतरायला हवं होतं."

"बरं," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

आईनं माझ्या मांडीवर जोरात हात मारला. तिला लगेच कळलं होतं. मला जरा वेळ लागला. पुढं याद्या झाल्या, देण्याघेण्याचं बोलणं झालं, भटजींनी पंचांग उघडून मुहूर्त काढला. पण लग्न ठरलं ते त्या "बरं"वर, आणि ते ठरवताना त्या दोघांनी आम्हा कुणालाही विचारलं नव्हतं.